लंगकावीतली शिडाची बोट: ४५ हजार डॉलर द्यावेत का?

प्रश्न: आम्ही पती-पत्नी, वय ५७ आणि ५५, कोथरूडला राहतो. जानेवारीत दोघेही निवृत्त होत आहोत. फ्लॅट स्वतःचा, कर्ज नाही, मुलगी कमावती आहे. बचत ३ कोटी ३० लाख: मुदत ठेवी १.२ कोटी, इक्विटी म्युच्युअल फंड दीड कोटी, पीपीएफ-ईपीएफ ६० लाख. पेन्शन नाही. घरखर्च महिना ७० हजार. आई (८१) सांगलीला भावाकडे असते, तिच्या औषधपाण्याचा खर्च आम्ही करतो. मलेशियात लंगकावी बेटावर १९८४ची तायाना ३७ ही शिडाची बोट ४५ हजार डॉलरला विकायला आहे. ‘राहण्यासाठी पूर्ण सज्ज’ असे जाहिरातीत म्हटले आहे: सोलर पॅनेल, वॉटरमेकर (समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र), विंडव्हेन (वाऱ्याच्या जोरावर सुकाणू धरणारे यंत्र), डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी), फ्रीज. रिगिंग २००९चे, शिडे २०१८ची, डेक सागवानी. मुंबईत गेटवेसमोर तीन हिवाळे सीबर्ड या छोट्या शिडाच्या बोटीवर शिकलो आहोत. फ्लॅट ३० हजारांनी भाड्याने देऊन बोटीवरच राहायचा विचार आहे. घ्यावी का?

उत्तर: घ्या, पण ४५ हजारांना घेऊ नका. आणि उरलेल्या आयुष्याचे घर म्हणून नव्हे, तीन वर्षांचा खर्च म्हणून घ्या. तुमचे आकडे तेवढे पेलतात, त्याहून जास्त पेलत नाहीत.

हिशेब बोटीच्या किमतीपासून नको, परत आल्यानंतरच्या घरखर्चापासून सुरू करू. आजच्या भावाने तुम्हाला वर्षाला ८ लाख ४० हजार लागतात. साठीला आलेल्या जोडप्याने पुढची तीसेक वर्षे डोळ्यांपुढे ठेवून पुंजीतून वर्षाला ४ टक्क्यांहून जास्त काढू नये. म्हणजे २ कोटी १० लाखांना हात लावायचा नाही. आईसाठी १० लाख वेगळे ठेवा. तिच्या आजारपणात मुदत ठेव मोडायला कोणी परदेशातून धावत येणार नाही, म्हणून ते भावासोबतच्या संयुक्त खात्यात असू द्या. उरले १ कोटी १० लाख. बोट, तिची डागडुजी आणि पाण्यावरची तीन वर्षे हे सगळे यातच बसवायचे आहे.

पुढचे आकडे डॉलरला ९० रुपये धरून आहेत. अन्न, फोन, कपडे, किरकोळ मिळून महिना ९०० डॉलर म्हणजे वर्षाला १०,८००. सहा महिने मरीनात, म्हणजे बोटींच्या भाड्याच्या धक्क्यात, आणि सहा महिने नांगरावर राहिलात तर मरीना १,८००. वर्षातून एकदा बोट पाण्याबाहेर काढून तळाला शेवाळरोधक रंग देण्याचे २,०००. विमा १,०००, डिझेल-गॅस-परवाने-व्हिसा १,५००, दोघांच्या पुण्याच्या फेऱ्या २,०००, परदेशात चालणारा आरोग्य विमा ३,००० (इथल्या मेडिक्लेमवर विसंबू नका, बहुतेक पॉलिसी भारताबाहेर चालत नाहीत). आणि दुरुस्ती ५,०००. बेरीज २७,१००, म्हणजे साधारण २४ लाख ४० हजार. फ्लॅटचे भाडे ३ लाख ६० हजार वजा केले तर २० लाख ८० हजार. तीन वर्षांचे ६२ लाख.

दुरुस्तीचा आकडा तुम्हाला फुगवलेला वाटेल, कारण किमतीच्या दहा टक्के वर्षाला देखभाल असा हिशेब बोटींच्या दुनियेत सर्रास सांगितला जातो. जुन्या बोटीला तो फसवा ठरतो. पंप, दोर, नांगराची साखळी, इंजिनाचे सुटे भाग यांचे भाव बोटीच्या लांबीवर आणि वजनावर ठरतात. तुम्ही ती किती स्वस्तात घेतली याच्याशी त्यांचा संबंध नाही. दहा टनांच्या बोटीला दहा टनांचेच सामान लागते.

आता १ कोटी १० लाखांतून ६२ लाख गेले की ४८ लाख उरतात, म्हणजे ५३ हजार डॉलर. यात खरेदी आणि पहिली डागडुजी दोन्ही बसायला हवीत, आणि माझा आक्षेप इथेच आहे.

जाहिरातीत ‘पूर्ण सज्ज’ म्हणून जे मोजले आहे त्याचा बराचसा भाग मी शून्य रुपयांना धरतो. वॉटरमेकर बंद ठेवताना त्याच्या मेंब्रेनमध्ये जंतुनाशक द्रावण भरावे लागते. ते न करता बोट काही महिने उभी राहिली असेल तर मेंब्रेन बाद. बॅटऱ्यांचे वय विचारा. उष्ण बंदरात उभ्या बोटीवरच्या लेड-अॅसिड बॅटऱ्या चार-पाच वर्षांत थकतात. डिंगी पीव्हीसीची असेल तर उन्हाने तिचे सांधे सुटतात. विंडव्हेन मात्र खरी दौलत आहे: वीज लागत नाही, बुशिंग आणि दोर बदलले की वर्षानुवर्षे सुकाणू सांभाळते. नवी घ्यायला काही हजार डॉलर पडतात, त्यामुळे सोबत मिळाली तर तिचे पूर्ण माप विकणाऱ्याच्या पदरात घाला.

पैसे खाणाऱ्या गोष्टी जाहिरातीत नसतात. पहिली रिगिंग, म्हणजे डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा. २००९च्या तारा आज विम्याच्या दृष्टीने आयुष्य संपलेल्या आहेत. दहा ते पंधरा वर्षांनंतर अनेक कंपन्या डोलकाठीचे नुकसान भरून देत नाहीत. तार वरून चकचकीत दिसते, पण टोकाला दाबून बसवलेल्या स्वेजमध्ये खारे पाणी साचून आतून बारीक चिरा पडतात. चेनप्लेटचेही, म्हणजे या तारा बोटीला जोडणाऱ्या पट्ट्यांचेही, तेच. डेकमधून जाणाऱ्या भागाला हवा लागत नाही आणि स्टेनलेस स्टील नेमके तिथेच गंजते. दोन्ही मिळून ८,००० धरा.

दुसरे सागवानी डेक. दिसायला देखणे, पण हजारो स्क्रू फायबरच्या थरातून खाली गेलेले असतात. फळ्यांमधले काळे रबर फाटले, स्क्रूवरचे लाकडी बूच उडाले की पावसाचे पाणी फायबरच्या थरांमधल्या लाकडी गाभ्यात उतरते आणि आतले लाकूड कुजते. नायलॉनच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज बदलून बद्द झाला तिथे गाभा गेला. सगळे सागवान काढून, कुजका गाभा बदलून वर नवा फायबर घालायला ९,००० हा मी मवाळ अंदाज धरतो. मोठा भाग बद्द वाजला तर बोट सोडून द्या, किमतीची घासाघीसही करू नका.

तिसरी डिझेलची टाकी. या मॉडेलच्या बऱ्याच बोटींत ती साध्या लोखंडाची आणि पुढच्या झोपायच्या जागेखाली असते. गंजून गळू लागली की बाहेर काढायला फर्निचर कापावे लागते. नव्या टाकीसह २,५००. बॅटऱ्या आणि वायरिंग २,५००. समुद्राचे पाणी आत घेणारे सीकॉक आणि त्यांच्या नळ्या १,५००. यांत पितळेचा सीकॉक दिसला तर तो आधी बदला, पितळातले जस्त खाऱ्या पाण्यात झिजते आणि उरलेला धातू हाताने तुटतो. लाइफराफ्टची सर्व्हिसिंग, एपिर्ब (उपग्रहामार्फत संकटसंदेश देणारे यंत्र), फ्लेअर (इशाऱ्याच्या मशाली) १,५००. एकूण २५,०००. शिडे दोन हंगाम चालतील असे धरून यात घेतलेली नाहीत. नवे इंजिनही नाही. ते लागले तर बसवण्यासकट १५ हजारांच्या पुढे जाते आणि सगळा हिशेब कोसळतो.

५३ हजारांतून २५ हजार वजा केले की तुमची कमाल किंमत २८ हजार डॉलर येते. विकणारा चिडेल. चिडू द्या. पश्चिम किनाऱ्यावरचा चांगला हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. पुढे पावसाळा लागतो, मालक मायदेशी परततात आणि न विकलेल्या बोटीचे मरीनाभाडे चालूच राहते. मार्चमधला २८ हजारांचा प्रस्ताव नोव्हेंबरपेक्षा जास्त गंभीरपणे वाचला जातो.

प्रस्ताव लेखी द्या, ‘सर्वेक्षण आणि समुद्रातील चाचणी समाधानकारक असल्यास’ या अटीसह. १० टक्के अनामत ब्रोकरच्या वेगळ्या ग्राहक खात्यात भरा. सर्वेक्षक ब्रोकरने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढल्यावर तळ काही दिवस वाळल्याशिवाय ओलावा मोजू देऊ नका, वाचन खोटे येते. इंजिन तुमच्यासमोर थंड असताना सुरू व्हायला हवे. आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. कागदांत आधीच्या मालकांची खरेदीखते, ध्वजनोंदणी रद्द केल्याचा दाखला आणि यार्ड-मरीनाची थकबाकी नसल्याचे पत्र मागा. थकलेली बिले मालकाच्या नव्हे, बोटीच्या मागे लागतात, आणि यार्ड ती अडवून ठेवू शकते. तुमच्या नावावर नोंदणी कोणत्या ध्वजाखाली होईल, हे अनामत भरण्याआधी लेखी ठरले पाहिजे.

पैसे पाठवताना खरेदीखत दोघांच्या नावे करा. उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, पण मालमत्तेसाठी दोघांची रक्कम एकत्र करायची तर दोघे सहमालक असावे लागतात. आर्थिक वर्षात माणशी १० लाखांवरील रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ गोळा केलेला कर, कापला जातो. एकट्याने एकाच वर्षात बोट आणि डागडुजीचे ४७ लाख ७० हजार पाठवले तर ७ लाख ५४ हजार अडकतील. बोटीचे २५ लाख २० हजार निम्मे-निम्मे ३१ मार्चपूर्वी आणि डागडुजीचे साडेबावीस लाख तसेच १ एप्रिलनंतर पाठवले तर फक्त १ लाख ५४ हजार. हा टीसीएस विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर वापरता येत नाही. पैसा मुदत ठेवींतून काढा, आणि सोबत पुढच्या दोन आर्थिक वर्षांत साधारण ५० लाखांचे इक्विटी फंड विकून कर्जरोख्यांच्या फंडात न्या, नाहीतर उरलेल्या पुंजीत शेअर बाजाराचा वाटा ७० टक्क्यांवर जाईल.

ज्या वर्षी निघाल त्या वर्षी भारतात ६० दिवस झाले असतील आणि आधीच्या चार वर्षांत ३६५, तर प्राप्तिकरासाठी तुम्ही निवासीच राहता. नोकरीसाठी जाणाऱ्याची १८२ दिवसांची सवलत तुम्हाला नाही. विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’ या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात बोट दाखवा. ती लपवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो, आणि २० लाखांच्या सुटीवर विसंबू नका. बोट पुढे मुंबईला किंवा गोव्याला आणायचा विचार असेल तर सोडा: क्रीडानौकांवर ४० टक्के जीएसटी आहे, सीमाशुल्क वेगळे.

परत विकताना काय मिळेल, ते मी हिशेबात धरलेले नाही. चाळीस वर्षांच्या बोटीला गिऱ्हाईक यायला वर्ष लागू शकते. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच जाहिरात द्या, तुम्ही तिच्यावर राहात असताना आणि सगळे चालू स्थितीत असताना.

अनामत भरण्याआधी आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेचा डे स्किपर अभ्यासक्रम पूर्ण करा आणि दोन आठवडे याच आकाराची बोट भाड्याने घ्या. सीबर्डवर संडास, इंजिन आणि रात्री सरकणारा नांगर नसतो. प्रमाणपत्राशिवाय विमा कंपन्या जुन्या बोटीला बऱ्याचदा फक्त तिसऱ्या पक्षाचे संरक्षण देतात, आणि मग वरचा १,००० डॉलरचा आकडा तुमची बोट बुडाल्यास काहीच देत नाही.