पहिल्या तालमीला येण्याआधी

अगं, रवींद्र नाट्यगृहात तालमीला येशील तेव्हा एक पक्कं ठेव: उजवी-डावी नेहमी नटाची, प्रेक्षकांकडे तोंड करून. आपण इंदूरकर बोलता बोलता हिंदीवर जातो, पण ‘दाएँ’ म्हटलं तरी बाजू हीच. मागचा भाग अपस्टेज, कारण जुन्या युरोपीय रंगमंचांना मागे चढ असायचा. ‘नेपथ्य’ म्हणजे आपल्याकडे सेट. संस्कृत नाटकात मात्र पडद्यामागची, वेषभूषेची जागा. मला हा शब्द फार आवडतो. विंगेतून तुला प्रेक्षक दिसत असतील, तर त्यांनाही तू दिसतेस. लगेच मागे सर. ब्लॉकिंग, म्हणजे रंगमंचावर कधी कुठे उभं राहायचं नि कुठे जायचं, ते पेन्सिलीनेच लिही, ते बदलतंच. आणि प्रयोगाला तिसऱ्या घंटेची वाट बघू नकोस, दुसरीलाच विंगेत ये.