पॉट फिरतंय, पण आइस्क्रीम होत नाही

गेल्या अंकात मी आइस्क्रीमचं पॉट भाड्यानं देण्याच्या आमच्या धंद्याविषयी लिहिलं होतं. मिरजेत आमचं भाड्याच्या भांड्यांचं दुकान. पातेली, काहिली, झारे बारा महिने जातात, हातानं फिरवायचं पॉट मात्र एप्रिल-मेमध्येच. त्या लेखावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचं मागणं एकच: रेसिपी द्या. देतो. पॉट म्हणजे एक बादली, तिच्यात हँडलनं फिरणारा दुधाचा डबा, डब्यात पंखा, आणि डब्याभोवती बर्फ-मीठ. पण आधीच सांगून ठेवतो, पॉट बिघडतं ते डब्याच्या बाहेर. आत काय घातलं ते नंतर बघू.

काका, आमचं पॉट चार लिटरचं. एक लिटर दूध, कंडेन्स्ड मिल्कचा 400 ग्रॅमचा डबा, 300 ग्रॅम साखर आणि आमरसाचा मोठा डबा असं मिश्रण केलं. चार किलो बर्फ आणला, दोन मुठी मीठ घातलं, साठलेलं पाणी मधूनमधून ओतून टाकलं. दीड तास घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं फिरवलं आणि शेवटी मिल्कशेक म्हणून प्यायलो. काय चुकलं? (नाशिक)

ताई, त्या दिवशी रात्री बारापर्यंत फिरवलं असतं तरी ते घट्ट झालं नसतं.

आधी बाहेरचं बघू. नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो. दूध-साखरेचं मिश्रण मात्र शून्याला गोठत नाही, बेताची साखर असली तरी ते उणे अडीच-तीन अंशांना गोठायला लागतं. म्हणून मीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीच वितळू लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी खातो. सगळी किमया एवढीच. मिठाचं प्रमाण 23 टक्क्यांपर्यंत नेलं तर पारा उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतो, पण घरी तेवढं नकोच. पाच किलो बर्फाला एक किलो जाडं मीठ घ्या, उणे बारा-तेराच्या आसपास मिळेल, तेवढं रग्गड झालं. तुमच्या दोन मुठी म्हणजे फार तर दीडशे ग्रॅम. चार किलो बर्फाला तेवढं मीठ म्हणजे बर्फ वितळत गेला की पाणी उणे दोन-तीन अंशांवर येऊन थांबतं.

शिवाय ते पाणी तुम्ही ओतून टाकलंत! म्हणजे होतं तेवढं मीठही गेलं. हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. पाणी दिसलं की माणसाला ते काढून टाकावंसंच वाटतं. अहो, गार करतं ते तेच पाणी. बर्फाचा खडा डब्याला एका टोकाला टेकतो, पाणी चहूबाजूंनी भिडतं. बादलीला वरच्या बाजूला जे भोक असतं त्यातून जादा पाणी आपोआप जातं. आपण हात लावायचा नाही.

आता आतलं. कंडेन्स्ड मिल्कमध्ये 40-45 टक्के साखरच असते. त्यावर तुमची 300 ग्रॅम, त्यावर आमरसाची गोडी. अडीच किलोच्या मिश्रणात पाव हिस्सा साखर झाली. इतकी साखर असेल तर मिश्रण आणखी खाली गेल्याशिवाय धरतच नाही. कंडेन्स्ड मिल्क घातलंत तर वरची साखर जवळजवळ बंद करा. चाखून बघताना मिश्रण किंचित जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गारव्यात गोडी कमी कळते. पण किंचितच.

बर्फाचे तुकडे लिंबापेक्षा मोठे नकोत. लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळा आणि मोगरीनं ठेचा. बादलीत चार बोटं बर्फ, मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, असे थर डब्याच्या झाकणाखाली येईपर्यंत द्यायचे. बारीक मीठ तळाला जाऊन बसतं, म्हणून जाडंच आणा. आणि उत्साहात मीठ दुप्पट करू नका. डब्याच्या कडेला झटकन टणक थर धरतो, हँडल अडकतं आणि मधलं दूध पातळच राहतं.

आजोळच्या माळ्यावर सागवानी बादलीचं जुनं पॉट सापडलं. पाणी घातलं तर सगळीकडून गळतं. एम-सील लावू का? (वाई)

अजिबात नको. लाकूड वाळून आक्रसलंय, त्याला पाणी पाजा. बादली काठोकाठ भरून सावलीत ठेवा. पहिल्या दिवशी गळेल, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी फळ्या फुगून एकमेकींना चिकटतात. लोखंडी पट्ट्या सैल झाल्या असतील तर हातोडीनं हलके खाली ठोका. सील लावलंत तर फुगायला जागा उरत नाही आणि फळी उलते.

बादलीपेक्षा डबा नीट बघा. उजेडाकडे धरून आत डोकवा. पितळी किंवा तांब्याचा डबा असेल आणि कल्हई उडाली असेल तर कल्हई केल्याशिवाय दूध घालायचं नाही. पत्र्याच्या डब्याला आतून गंज असेल तर घासत बसू नका, स्टीलचा डबा करून घ्या. बुडाला मध्ये एक खोबण असते, ती बादलीच्या तळातल्या खुंटीवर बसते. नवा डबा करताना कारागिराला जुना दाखवा, नाहीतर डबा फिरताना डुगडुगतो.

मग पंखा. पुष्कळांना वाटतं पंखा फिरतो. आपल्याकडच्या साध्या पॉटमध्ये फिरतो तो डबा. पंखा वरच्या आडव्या पट्टीत अडकून जागीच उभा असतो आणि त्याच्या लाकडी पट्ट्या डब्याच्या भिंतीवर धरलेला बर्फ खरवडत राहतात. पट्टी झिजून भिंतीपासून सुटली की खरवडायचं काम थांबतं. भिंतीवर बर्फाचं अस्तर बसतं, ते बाहेरची थंडी आत येऊ देत नाही, आणि तुम्ही बर्फवाल्याला शिव्या देता. बोट फिरवून बघा: पट्टी भिंतीला टेकलीच पाहिजे. नसेल तर सुताराकडून नवी बसवून घ्या.

हँडलच्या दातेरी चाकांना शेंगतेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल नको, ते गारठ्यात थिजतं. मशीनचं ग्रीस तर नकोच, ते झाकणावर उतरतं.

आइस्क्रीम छान झालं, पण वरचा थर खारट! (इचलकरंजी)

बादलीचं ते वरचं भोक बुजलं असेल. बर्फाचा तुकडा अडकतो, पाणी चढतं आणि झाकणातून आत जातं. फिरवता फिरवता काडीनं भोक मोकळं करत राहा. उघडायच्या आधी बर्फ झाकणाच्या तीन-चार बोटं खाली सारा, झाकण ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या फडक्यानं पुसा, आणि मगच उघडा. उघडायची घाई पोरांना असते. त्यांना तोवर वाट्या-चमचे आणायला पाठवा.

बर्फाच्या कारखान्यातून निळसर बर्फ मिळाला. चालेल का? (सोलापूर)

महाराष्ट्रात 2018 मध्ये अन्न व औषध प्रशासनानं न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायला लावला, तो हा. डब्याबाहेर वापरायला हरकत नाही. मात्र त्यातलाच खडा फोडून सरबतात टाकायचा नाही, आणि पॉट भरलेले हात धुतल्याशिवाय वाट्यांना लावायचे नाहीत. घरात लहान मुलं असतील तर मी पांढरा, खाण्याचाच बर्फ आणा म्हणेन. पोरं बादलीतला खडा चोखणारच.

हापूसच्या आइस्क्रीमचं प्रमाण द्या. सीताफळ आणि स्ट्रॉबेरीचंही याच पद्धतीनं होतं का? (पुणे)

म्हशीचं एक लिटर दूध आटवून पाऊण लिटर करा. दीडशे ग्रॅम साखर गरम दुधातच विरघळवा. गार झाल्यावर 200 मिलिलिटर क्रीम किंवा घरची ताजी, गुठळ्या मोडलेली साय घाला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ही रात्र चुकवू नका. कोमट मिश्रण पॉटमध्ये ओतलं तर अर्धा बर्फ ते गार करण्यातच संपतो. सकाळी चार हापूसचा रस चाळून, तोही फ्रिजमध्ये गार करून, दुधात मिसळा. डबा दोन-तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, कारण फिरवताना हवा शिरून मिश्रण फुगतं. वेलदोडा घालू नका. हापूस असताना वेलदोडा घालणाऱ्यांचं मला कोडं वाटतं.

सुरुवातीला सावकाश फिरवा. सगळं बरोबर असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी आवाज बदलतो: डबडब थांबते आणि घसघस सुरू होते. तिथून वेग वाढवा. हँडल जड होऊन एका हातानं फिरेनासं झालं की थांबा. पंखा काढा, त्याला लागलेलं चाटायचा मान कुणाचा ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर भांडणं होतात. आता मात्र बादलीतलं पाणी काढायचं, ताजा बर्फ-मीठ भरायचं, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि तास-दीड तास मुरू द्यायचं. लगेच वाढलंत तर ते मऊ, चमच्यावरून घसरणारं लागतं. काहींना तसंच आवडतं.

सीताफळ गरम करायचं नाही, कडवट होतं. बिया काढलेला गर शेवटच्या पाच मिनिटांत घाला. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र साखरेत शिजवून पूर्ण गार करून घाला. कच्ची घातली तर तिच्यातल्या पाण्याचे खडे दाताखाली येतात. अननसही शिजवूनच. कच्च्या अननसातला रस दुधातली प्रथिनं तोडतो आणि चव कडू होते.

जीएमएस आणि सीएमसी पावडर घालावी का? (ठाणे)

त्याच दिवशी खाणार असाल तर गरज नाही. उरलेलं फ्रिझरमध्ये ठेवणार असाल तर सीएमसीची चिमूट उपयोगी पडते, ती पाणी धरून ठेवते आणि बर्फाचे स्फटिक मोठे होऊ देत नाही. जीएमएस स्निग्धांश आणि पाणी एकजीव ठेवतं. या पावडरींची खरी गरज फ्रिझरमध्ये लावून मिक्सरमधून काढायच्या आइस्क्रीमला, कारण तिथे सतत खरवडणारं कुणी नसतं.

डेअरीचं भरपूर क्रीम घातलं, जोरात फिरवलं, तर तोंडात तुपकट गोळ्या आल्या. (कोल्हापूर)

लोणी आलं, दुसरं काय! मिश्रण पुरेसं गार नसताना जोरात घुसळलंत. क्रीम निम्मं करा, आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा, आणि कोल्हापुरी जोर शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा.

इथे दुकानात हातानं फिरवायचा फ्रीझर आणि खास 'आइस्क्रीम सॉल्ट' मिळतं. आपल्या पॉटसारखंच का? (न्यू जर्सी)

मूळ तुमच्या तिकडचंच. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी 1843 मध्ये अशा हँडलच्या यंत्राचं पेटंट घेतलं. फिलाडेल्फिया तुमच्यापासून काही फार लांब नाही. बर्फसुद्धा एके काळी आपल्याकडे तिकडून यायचा: बॉस्टनचा बर्फ 1833 मध्ये जहाजानं कलकत्त्याला उतरला, पुढे मुंबईलाही येऊ लागला. 'आइस्क्रीम सॉल्ट' म्हणजे जाडं मीठच. फरक दुधात आहे. तिथलं गायीचं होल मिल्क साधारण सव्वातीन टक्के स्निग्धांशाचं, आपलं म्हशीचं सहा-सात टक्क्यांचं. तिथलं हेवी क्रीम 36 टक्क्यांचं असतं, म्हणून दूध तीन भाग आणि क्रीम एक भाग घ्या, आटवायची गरज नाही. खारं पाणी अंगणातल्या झाडांना घालू नका, मरतील.

मेमध्ये नातवाची मुंज. शंभर माणसांना पॉटचं आइस्क्रीम करायचं ठरलंय. किती लागेल? (कराड)

माणशी शंभर मिलिलिटर धरा, म्हणजे दहा लिटर. परत मागणारे असतातच, म्हणून अकरा. हातानं फिरवलेलं पॉटचं आइस्क्रीम साधारण पाव हिस्सा फुगतं, तेव्हा नऊ लिटर मिश्रण पुरेल. पाच लिटरचे तीन पॉट घ्या, प्रत्येकात तीन लिटर. मुरवायचा धरून बर्फ 45 किलो सांगा आणि मीठ नऊ-दहा किलो. मीठ आदल्या दिवशीच आणून ठेवा, बर्फ मात्र सकाळी नऊच्या आत मागवू नका. फिरवायला दर पॉटला तीन जण हवेत: दोघं आळीपाळीनं हँडलवर, आणि तिसरा पॉटवर घडी घातलेलं गोणपाट टाकून त्यावर बसायला, म्हणजे शेवटी हँडल जड झालं की बादली उचलत नाही. बसायला वजनदार पाहुणा बघा. मुंजमुलाला बसवू नका, नवं धोतर खाऱ्या पाण्यानं भिजेल.