वाचकांचे प्रश्न : घोळणा फुटणे, फुप्फुसातील रक्तवाहिनी आणि मेंदूतील पू

प्रश्न : गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या मेंदूत पू झाला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी त्यांनी दाढ काढून घेतली होती. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातील एका रक्तवाहिनीत जन्मजात दोष दिसला. तो आनुवंशिक असू शकतो, असे डॉक्टर म्हणाले. वडिलांचा घोळणा आयुष्यभर फुटत असे, भावाचा आणि माझाही फुटतो. फुप्फुसाचा मेंदूशी काय संबंध? वडिलांनी मामाची मुलगी केली, म्हणून हे झाले का? माझ्या मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू आहे, तिला धोका आहे का?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची ओळ घोळण्याची आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर गेला की घोळणा फुटणे इतके नित्याचे वाटते, की कांदा हुंगवला, डोक्यावर गार पाणी घातले की तो विषय तिथेच संपतो. परंतु बाप आणि दोन्ही मुलगे यांचा घोळणा फुटत असेल आणि तो पावसाळ्यात, थंडीतही फुटत असेल, तर त्याचा दोष उन्हाला देता येत नाही. भावाचे ओठ, जीभ आणि बोटांची टोके उजेडात नीट पाहा. टाचणीच्या डोक्याएवढे, दाबल्यावर फिकट होणारे लाल ठिपके आहेत का? वारंवार आपोआप फुटणारा घोळणा, असे ठिपके, आतील अवयवातील सदोष रक्तवाहिनी आणि आईवडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला तरी हाच आजार, या चार खुणांपैकी तीन आढळल्या तर निदान पक्के समजले जाते. भावाकडे दोन आधीच आहेत. रक्तवाहिन्यांच्या या आनुवंशिक आजाराला डॉक्टर ‘एचएचटी’ (हेरिडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया) म्हणतात आणि तो साधारण 5,000 माणसांत एकाला असतो.

आता फुप्फुस आणि मेंदू. तुमच्याकडे ठिबक असेल, तर हे लगेच ध्यानात येईल. विहिरीचे पाणी आधी फिल्टरमधून जाते. फिल्टरला बगल देऊन ते सरळ नळ्यांत सोडले, तर कचरा ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. शरीरभरातून परतणारे रक्त असेच फुप्फुसातील केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून गाळले जाते. रक्ताच्या बारीक गुठळ्या आणि हिरड्यांतून रक्तात शिरलेले जंतू तेथे अडकतात. या आजारात मधली बारीक जाळी काही ठिकाणी तयारच झालेली नसते, धमनी थेट शिरेला जोडलेली असते. न गाळलेले रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तेथून मेंदूकडे जाते. गुठळी गेली तर पक्षाघात होतो, जंतू गेले तर पू होतो. दाढ आणि भावाचे दुखणे यांचा संबंध बहुधा असाच असावा.

दोष मुळात जनुकात असतो. नवव्या गुणसूत्रावरील एंडोग्लिन हे जनुक 1994 मध्ये, तर बाराव्यावरील एसीव्हीआरएल1 हे 1996 मध्ये या आजाराशी जोडले गेले. दोन्ही जनुके रक्तवाहिन्यांच्या अस्तराला घडणीचे संकेत देतात, म्हणून एकाच दोषाची खूण नाकात, फुप्फुसात, यकृतात आणि थेट मेंदूतही उमटू शकते. सुमारे दहा टक्के रुग्णांच्या मेंदूतच अशी सदोष रक्तवाहिनी असते. त्यासाठी मेंदूचा एमआरआय एकदा तरी करावा.

तुम्ही स्वतः आधी फुप्फुसाची तपासणी करून घ्या. मिठाचे पाणी दोन सिरिंजमध्ये इकडून तिकडे घुसळून त्यात अगदी सूक्ष्म बुडबुडे तयार करतात, ते दंडाच्या शिरेतून देतात आणि इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) पडद्यावर हृदय पाहतात. उजवे कप्पे पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातात. फुप्फुस निर्दोष असेल तर ते ठिपके तेथेच विरतात. काही ठोक्यांनंतर डाव्या कप्प्यात दिसू लागले, तर वाट कोठेतरी उघडी आहे. मग सीटी स्कॅन करतात, आणि वाट मोठी असल्यास छाती न उघडता, जांघेतील शिरेतून बारीक नळी नेऊन धातूच्या कॉइलने ती बुजवतात.

तोपर्यंत, आणि त्यानंतरही, दातांची कोणतीही शस्त्रक्रिया करण्याआधी दंतवैद्यांना हा आजार सांगून प्रतिजैविक घ्यावे. सलाईन लावताना नळीत हवेचा बुडबुडा राहू नये, हे नर्सताईंना स्पष्ट सांगावे. घोळण्याने अंगातील लोह कमी होते आणि फुप्फुसात अशी वाट असलेल्यांत लोहाच्या कमतरतेने पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून हिमोग्लोबिन व फेरिटिन (अंगातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासावे.

नात्यातील लग्नाने हा आजार झालेला नाही. आईवडिलांपैकी एकाकडून आलेली जनुकाची एक सदोष प्रत पुरते. तुम्हाला दोष असेल तर मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी आहे. नसेल तर तुमच्याकडून तिच्याकडे जाणारच नाही. जनुकतपासणी मात्र आधी भावाची करा, कारण नेमका बिघाड त्यांच्यात सापडला की तुमच्या आणि मुलीच्या रक्तात तोच शोधता येतो. सोयरीक थांबवण्याचे कारण नाही आणि आजार लपवण्याचेही नाही. गर्भारपणात फुप्फुसातील अशी रक्तवाहिनी वाढून रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा तिची तपासणी व उपचार दिवस जाण्याआधीच उरकावेत. मुलीच्या आत्याच्या घरातले स्थळ पाहत असाल, तर आत्यांचीही तपासणी आधी झालेली बरी, कारण त्यांचे वडीलही तेच आहेत.