किरिबासची नोकरी आणि ‘वर्तणूक समाधानकारक’

किरिबास या प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटदेशात डॉक्टर म्हणून नोकरीला जायचं तर काय काय बघावं, असं तुम्ही पोस्टमध्ये विचारलंय. त्यातल्या बाकीच्या प्रश्नांना कुणीही उत्तर देईल. मी अडकले ती एकाच ओळीपाशी. तुम्ही लिहिलंय की डीजीओनंतर (स्त्रीरोग-प्रसूतीचा डिप्लोमा) जिथे नोकरी करताय त्या हॉस्पिटलच्या एचआरने अनुभवपत्र दिलंय, त्यात फक्त तारखा आहेत आणि ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढा शेरा आहे, आणि तिथल्या राजधानीतली, तारावाची नोकरी आणणारा एजंट म्हणतो की एवढ्यावर भागतं.

भागत नाही. निदान माझं भागलं नव्हतं.

आधीच सांगते, माझा करार होऊन काही वर्षं झाली. नियम, पगाराच्या पायऱ्या, फॉर्म बदललेले असू शकतात. तिथल्या आरोग्य मंत्रालयाचं लेखी उत्तर हेच शेवटचं धरा, माझं नाही. पासपोर्ट, पोलीस क्लिअरन्स, मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग (नोंदणी चालू आहे, तक्रार नाही असा दाखला) यात मी शिरत नाही, ते तुम्ही केलंच असणार.

किरिबास (नकाशावर किरिबाती) हा सगळा देश मिळून २०२० च्या जनगणनेत माणसं सुमारे १ लाख २० हजार. त्यातली निम्म्याहून जास्त दक्षिण तारावाच्या एका अरुंद पट्टीवर, उरलेली पार पसरलेली. मुख्य इस्पितळ नवेरेवेरेचं तुंगारू सेंट्रल. अशा ठिकाणी तुमची पदवी काय आहे याच्याइतकंच तुमच्या हाताने काय काय झालंय हे बघतात. किती सिझेरियन स्वतः केली, किती नुसती असिस्ट केली? स्पायनल (पाठीच्या कण्यातली भूल) स्वतः देता का? केटामीनच्या भुलीवर काम केलंय का? फुटलेली एक्टोपिक (गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा) एकटीने उघडली आहे का? न रडणारं बाळ हातात आलं आणि बालरोगतज्ज्ञ नसेल तर? हे सगळं कागदावर, सहीशिक्क्यासकट लागतं, आणि त्यावरून तुम्हाला पगाराच्या कुठल्या पायरीवर घ्यायचं ते ठरतं.

आता आमच्या एचआरची गोष्ट. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, शहरही सांगत नाही. मी तिथे आरएमओ (निवासी डॉक्टर) होते, मग रजिस्ट्रार. तपशीलवार पत्र मागितलं तर उत्तर आलं, ‘आमच्याकडे असा फॉरमॅट नाही.’ मी फॉरमॅट टाइप करून नेला. मग ‘सिस्टीममधून निघत नाही.’ मग ‘लीगलला विचारावं लागेल.’ लीगलवाले साहेब आठवड्यातून एकदा यायचे आणि त्या दिवशी एचआरच्या मॅडम रजेवर. शेवटी ऐकवलं, ‘तुम्ही आता आमच्या एम्प्लॉयीच नाही, आम्ही कसं देणार?’ म्हणजे नोकरीत होते तेव्हा ‘राजीनामा दिल्यावर मिळेल’ आणि राजीनामा दिल्यावर हे. मेडिकल सुपरिंटेंडेंट सर सही करायला तयार होते हो, अगदी पेन उघडून बसले होते. पण लेटरहेड एचआरच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.

त्याहून वाईट निघालं ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर. रात्री दोनला मी केलेल्या सिझेरियनमध्येही सर्जनच्या रकान्यात कन्सल्टंटचं नाव आणि माझं असिस्टंटच्या. कारण उघड आहे, बिल त्यांच्या नावाने फाटतं. ते यायचे स्किन क्लोजरला (शेवटचे टाके घालताना), कधी तेवढेही नाही. खासगीत काम केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही, पण परदेशातला बोर्ड जेव्हा ‘प्राथमिक सर्जन म्हणून किती’ असं विचारतो तेव्हा तुमच्या सगळ्या जागरणांचा हिशोब शून्य निघतो. मूळ रजिस्टर दाखवा म्हटलं तर एचआर म्हणालं, ‘ते रुग्णांचं गोपनीय आहे.’ मला नावं नकोच होती, आकडे हवे होते.

परिणाम असा की मी गेले ती खालच्या पायरीवर. पायरी एकदा करारात लिहिली गेली की नूतनीकरणापर्यंत हलत नाही, निदान माझी हलली नाही. पगार ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये असतो, तेव्हा फरक किती ते तुम्हीच मांडून बघा. पैशाचं एक वेळ सोडा. जे काम मी वर्षानुवर्षं केलं होतं ते पुन्हा कुणाच्या तरी देखरेखीखाली करून दाखवावं लागलं. त्यात तिथल्या सहकाऱ्यांची चूक काडीची नव्हती, कागद जे सांगत होता ते त्यांनी मानलं. क्युबात शिकून आलेले तरुण स्थानिक डॉक्टर तर मला हळूच म्हणायचे, मॅडम, तुम्हीच आम्हाला शिकवा. आणि तिकडे ते एचआर मात्र दर दिवाळीला मला ‘अ‍ॅल्युमनाय परिवार’ म्हणून शुभेच्छा पाठवतं. असो.

तेव्हा तुम्ही अजून नोटीस पीरियडवर आहात हे फार बरं आहे. आत्ताच युनिट हेडकडून त्यांच्या स्वतःच्या लेटरहेडवर, त्यांच्या नोंदणी क्रमांकासह पत्र घ्या. एचआरच्या लेटरहेडची वाट बघू नका. रजिस्टरमधून तारीख, ओटी क्रमांक, शस्त्रक्रिया आणि तुमची भूमिका एवढंच उतरवा, रुग्णाचं नाव नको. प्रत्येक पानावर ज्या कन्सल्टंटचं नाव सर्जन म्हणून आहे त्यांचीच सही घ्या, ‘प्रत्यक्ष शस्त्रक्रिया डॉ. अमुक यांनी केली’ असं लिहून. काही जण कां कूं करतील. त्यांना गुपचूप आठवण करून द्या की पुढच्या महिन्याचं ड्युटी रोस्टर अजून लागायचंय. हे नीतीला धरून आहे का? मला वाटतं आहे, पण मी वकील नाही. नो-ड्यूजवर (देणंघेणं संपल्याचा कागद) त्यांना तुमची सही हवी असते तोवरच तुमच्या शब्दाला वजन. एकदा आयडी कार्ड जमा केलंत की वॉचमनसुद्धा आत सोडताना विचारतो.

एजंटबद्दल माझं मत कडक आहे. अर्ज थेट मंत्रालयाकडे करता येत असेल तर मधल्या माणसाला पैसे कशाला द्यायचे? काही एजंट प्रामाणिक असतीलही, मला भेटला नाही एवढंच.

हे सगळं इतकं ताणून का सांगतेय, तर तिथे गेल्यावर हा नुसता कागदाचा प्रश्न राहत नाही. बाहेरच्या बहुतेक बेटांवर डॉक्टर नसतात. दवाखाना चालवतात मेडिकल असिस्टंट, म्हणजे जादा प्रशिक्षण घेतलेल्या नर्स, आणि त्या कमालीच्या तयारीच्या असतात. ओनोटोआ बेटावरून एकदा फोन होता, बाळंतपण झालंय, वार (प्लॅसेंटा) अडकलीय, रक्त जातंय. धावपट्टीला दिवे नाहीत, म्हणजे उजाडेपर्यंत विमान नाही. मी ऑक्सिटोसिन, सलाईन सगळं विचारून झाल्यावर म्हटलं, मूत्राशय रिकामं केलं का? पलीकडे शांतता. मग कॅथेटर घातल्याचं सांगितलं, बरीच लघवी आली, आणि थोड्या वेळाने वार पडली. यात माझी हुशारी काही नाही, आपल्याकडची कुठलीही जुनी सिस्टर हेच विचारेल. सांगायचं हे की तिथे हातापेक्षा आधी तुमचं तोंड काम करतं. स्वतः कधी हाताने वार न काढलेल्या माणसाने फोनवर काय सांगायचं?

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. तारावावर आजूबाजूला हात असतात, तिथे कुणीही शिकू शकतं. पण किरिसमास बेटावर (नकाशावर किरितिमाती) पोस्टिंग मागू नका, जोवर स्पायनल आणि सिझेरियन दोन्ही एकटीने निभावता येत नाहीत. ते तारावापासून तीन हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे. देश एक, पण मधे अख्खा समुद्र. १९९५ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय वाररेषा सरकवून घेतली म्हणून निदान वार तरी दोन्हीकडे एकच असतो.

आजारांचं थोडक्यात. मधुमेह आणि त्याचे पाय इतके दिसतील की ड्रेसिंग हीच तुमची मुख्य शस्त्रक्रिया वाटेल. क्षयरोग आहे. मलेरिया नाही, डेंगी आहे. कुष्ठरोग अजून भरपूर आहे आणि इथे आपला एक फायदा होतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्यांनी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काम केलंय त्यांच्या नजरेतून फिकट बधिर चट्टा सुटत नाही. तुम्ही बॉण्ड (सक्तीची सरकारी सेवा) तिकडे केलाय असं लिहिलंय, मग ते अर्जात ठळक लिहा, लाजू नका. हेपटायटिस बी चं प्रमाण जास्त आहे, तेव्हा लस तर घ्याच, पण अँटीबॉडीची पातळी तपासूनच विमानात बसा. आणि प्रवाळाच्या रीफवरचा मोठा मासा खाल्ल्यावर कुणी सांगू लागलं की गार पाणी चटका देतंय, तर त्याला मानसिक ठरवून परत पाठवू नका. ती सिग्वाटेरा विषबाधा. मासा शिजवून ते विष जात नाही.

प्रवासाचं: ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमधून नुसतं विमान बदलायचं असलं तरी आपल्या पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो. सिंगापूर-नांदी (फिजी)-तारावा असं जाणं सोपं. नांदीला एक मुक्काम हिशोबात धराच, पुढचं विमान रोज नसतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी, ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते जमतील तेवढे जाण्याआधी जमवा, बेटावर बसून सीएमई (डॉक्टरांचं चालू शिक्षण, ज्यातून हे पॉइंट मिळतात) गोळा करणं म्हणजे डोकेदुखी.

जेवणाचं विचारलंत. शाकाहारी असाल तर कठीण आहे, खोटं सांगत नाही. तांदूळ, मासे, डबाबंद बीफ, नूडल्स. भाजी जहाज आलं की, आणि महाग. पण नीरफणस मिळतो, कोकणातल्या असाल तर काप करून खाल आणि डोळ्यात पाणी येईल. नीराही मिळते, माडावर चढून काढलेली, आणि ती आटवून केलेली काकवीसुद्धा. (माडावरून पडलेली माणसंही मिळतात, मणका मोडून. आपल्या किनारपट्टीवर काम केलेल्यांना ओळखीचं.) मसाले, हिंग, डाळी आणि कुकरच्या दोन-तीन रिंगा घेऊन जा. रिंग तिथे मिळत नाही, मी शोधून दमले. पाणी उकळूनच प्या, विहिरींवर विश्वास ठेवू नका. गावच्या मनेअबात, म्हणजे सामायिक सभामंडपात बोलावलं तर चपला बाहेर, मांडी घालून बसायचं आणि म्हाताऱ्यांकडे पाय करायचे नाहीत. एवढं पाळलंत की पुढचं तेच सांभाळून घेतात.

शेवटचा तुमचा प्रश्न, सासूबाईंना बरोबर न्यावं का. त्यांना मधुमेह आहे आणि किडनीचे रिपोर्ट वाढलेत असं लिहिलंय. माझं उत्तर नाही. औषधं जहाजाने येतात आणि काही वेळा येत नाहीत. गंभीर रुग्ण परदेशी पाठवायचा तर समिती बसते, आणि ती आधी स्थानिक लोकांचा विचार करते, जे रास्तच आहे. तुम्ही तिथे डॉक्टर असाल, पण त्या रांगेत तुमच्या सासूबाईंचा नंबर शेवटचा असेल. त्यांना नणंदेकडे ठेवा, आणि घरी हे आत्ताच बोलून घ्या, तिकीट काढल्यावर नको.