किट लेन्सवर रात्रीच्या आकाशाचे आणि निसर्गाचे फोटो निघतात का? फोटोग्राफीच्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

निघतात. मीही फोटोग्राफी शिकतेय आणि माझे रात्रीचे बहुतेक प्रयोग १८-५५ मिमीच्या किट लेन्सवरच (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सवर) झालेत. मात्र 'अमावास्या गाठा, अंधारी जागा शोधा आणि आकाशगंगा टिपा' हा सल्ला मी तुम्हाला इतक्यात देणार नाही. माझ्या मते सुरुवात चांदण्या रात्रीच करावी.

चांदणं म्हणजे चंद्रावरून परतून आलेलं ऊनच. पौर्णिमेचं चांदणं उन्हापेक्षा साधारण ४ लाख पटींनी मंद असतं, म्हणजे अठरा-एकोणीस स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). लख्ख उन्हात एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) ला १/१२५ सेकंदाचा शटर लागतो, हे तुम्हाला माहीत असेलच. तोच हिशेब पुढे नेला की एफ/३.५ आणि आयएसओ १६०० वर जेमतेम १० सेकंद येतात. एवढं तर बहुतेक किट लेन्स देतात! आणि फोटोत काय येतं ते बघा: पानं हिरवी, आकाश निळं, आणि त्या निळ्यात तारे. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत म्हणून चांदण्यातलं रान करडं वाटतं; कॅमेरा दहा सेकंद प्रकाश साठवतो आणि ते रंग परत देतो. पहिल्यांदा स्क्रीनवर ते हिरवं झाड दिसलं तेव्हा मी रात्रीच्या फोटोग्राफीच्या प्रेमात पडले, आणि म्हणूनच इतकं आग्रहाने सांगतेय.

दुसरा फायदा शिकण्याचा. चांदण्यात समोरचं दिसतं, त्यामुळे चौकट नीट लावता येते. काळोखात आकाश सुंदर येतं, पण खाली नुसता काळा पट्टा राहतो, आणि तसा फोटो मला तरी अर्धाच वाटतो.

अर्धा चंद्र म्हणजे अर्धा उजेड असं मात्र धरू नका. अष्टमीच्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या जेमतेम एक दशांश असतो, कारण तिरप्या उन्हात चंद्रावरच्या खाचखळग्यांच्या सावल्या पडतात. पण शुक्ल पक्षातली ही रात्र मला सगळ्यात आवडते. चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. आधी त्याच्या उजेडात जमिनीचा फोटो घ्यायचा, ट्रायपॉड हलवायचा नाही, आणि चंद्र मावळल्यावर त्याच चौकटीत काळ्या आकाशाचा. नंतर दोन्ही जोडायचे. आकाशगंगेचा दाट भाग धनू राशीकडे आहे. तो मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपूर्वी दिसतो आणि जून-जुलैत मध्यरात्रीच्या सुमारास.

तारे ठिपक्यांसारखे हवे असतील तर ५०० ला फोकल लेंग्थने भागायचं. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) १८ मिमी म्हणजे फुल-फ्रेमच्या साधारण २७ मिमी, म्हणजे ५०० भागिले २७, १८ सेकंद. आजच्या सेन्सरवर हा नियम सैल पडतो, शंभर टक्के झूम केलं की रेघा दिसतात. मी बारा-तेरा सेकंदांच्या पुढे जात नाही. प्रकाश कमी पडला तर आयएसओ ३२०० करून एकाच आकाशाचे १६ फोटो घ्यायचे आणि स्टॅक करायचे, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढायची. नॉइज (फोटोतले दाणे) साधारण एक चतुर्थांशावर येतो. फोटो अर्थातच रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये.

फोकसला मात्र वेळ द्या, बाकी सगळं नंतर. ऑटोफोकस बंद, ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशनही बंद. आधी झूम ठरवा, कारण किट लेन्सचा झूम हलला की फोकसही हलतो. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर) एखादा ठळक तारा मोठा करून तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा. रिंग पार शेवटपर्यंत फिरवली की फोकस अनंतावर येतो हा समज चुकीचा आहे, ती त्याच्याही पुढे जाते. जमलं की रिंगवर चिकटपट्टी लावा. अधूनमधून काचेवर दव धरलंय का तेही बघत राहा.

एक प्रयोग मुद्दाम सुचवते. डेव्हिड मॅलिन या खगोलछायाचित्रकाराने मृग नक्षत्रावर तो केला होता. ५५ मिमीवर मृग चौकटीत घ्या, आयएसओ १००-२०० वर ठेवा आणि बल्ब मोडमध्ये (हवा तितका वेळ शटर उघडा ठेवणारी सोय) वीसेक मिनिटं शटर उघडा राहू द्या. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तेव्हा प्रत्येक तारा ५ अंशांच्या आसपास रेघ ओढतो. या वेळात दर काही मिनिटांनी फोकस रिंग अगदी किंचित फिरवायची. रेघ सुरुवातीला बारीक आणि पांढरट, पुढे पुढे रुंद आणि रंगीत होत जाते. ठळक ताऱ्याचा प्रकाश एका ठिपक्यात कोंडला की तो जळून पांढरा होतो, पसरला की खरा रंग उतरतो. मृगातला काक्षी (बीटलज्यूस) हा तारा नारिंगी येतो, कारण त्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,५०० केल्विन आहे. तिथलाच राजन्य (रायजेल) १२,००० च्या घरात, म्हणून निळसर. ताऱ्यांचे रंग वाचून माहीत असणं आणि आपल्या सेन्सरवर उतरलेले बघणं यात फार फरक आहे.

निसर्गाच्या बाजूने बोलायचं तर काजव्यांनाही अनेक फोटो जोडण्याची पद्धत चालते: १५-२० सेकंदांचे भरपूर फोटो आणि नंतर एडिटिंगच्या 'लायटन' मोडमध्ये एकत्र, म्हणजे प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात उजळ बिंदू राहतो. पण काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते आणि टॉर्चच्या झोतात ती हरवते. म्हणून जमिनीचा फोटो संधिप्रकाशातच काढून ठेवा, काजवे लागले की टॉर्च बंद, मोबाइल खिशात. घरट्यातल्या पक्ष्यांवर किंवा घुबडावर फ्लॅश तर मुळीच मारू नका, फोटो कितीही चांगला येणार असला तरी.

नवी लेन्स घ्यायची घाई करू नका. आधी बळकट ट्रायपॉड आणि एक जादा बॅटरी घ्या, थंडीत बॅटरी भराभर उतरते. येत्या शुक्ल अष्टमीला बाहेर पडा, आणि एखादा फोटो बिघडला तर सेटिंगसकट इथे टाका, मी बघून सांगेन.