क्लॅट : लॉजिकल रिझनिंगचा उतारा वाचायचा कसा?

प्रश्न : मी बारावी कला शाखेत आहे, क्लॅटची म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते. लॉजिकलचा उतारा दोन-तीनदा वाचूनही शेवटी दोन पर्यायांत अडकते आणि नेमका चुकीचा निवडते. वेळही पुरत नाही. वाचनाचा वेग वाढवू का? आधी उतारा वाचावा की प्रश्न?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : वेगाच्या मागे लागू नकोस. १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. एका उताऱ्यावर पाच-सहा प्रश्न आले, तर त्याच्या वाट्याला पाच-सहा मिनिटं येतात. साडेचारशे शब्द एकदा नीट वाचून उत्तरं द्यायला ती पुरतात, तीनदा वाचायला नाही. तुला परत वाचावं लागतं, कारण पहिल्या वाचनात तू माहिती गोळा करत बसतेस. शाळेत धडे तसेच वाचून घेतात, त्यात तुझा दोष नाही. इथे मात्र लेखकाला काय पटवायचंय आणि कशाच्या जोरावर, एवढंच शोधायचं.

समजा, उताऱ्यात म्हटलंय : 'ज्या चौकांत कॅमेरे लावले, तिथले अपघात वर्षभरात घटले. म्हणजे कॅमेऱ्यांमुळे अपघात कमी होतात.' हा युक्तिवाद कशाने कमकुवत होईल? एक पर्याय : कॅमेऱ्यांचा खर्च महापालिकेला परवडत नाही. दुसरा : त्याच सुमारास त्या चौकांत गतिरोधकही टाकले होते. पहिला चटकन पटतो, कारण आक्षेप खरा वाटतो. पण लेखक खर्चाबद्दल बोलतच नाहीये. कॅमेरे कितीही महाग असले, तरी अपघात त्यांच्यामुळेच घटलेले असू शकतात. गतिरोधकांमुळे मात्र घट होण्याचं दुसरंच कारण समोर येतं. तू अडकतेस ती बहुधा इथेच. म्हणून पर्यायांकडे वळण्याआधी लेखकाचा दावा मनात एका वाक्यात मांड. पेपर इंग्रजीत असला तरी हे वाक्य मराठीत चालेल.

सुरुवातीला प्रश्नांवर नुसती नजर टाक, पर्याय वाचू नकोस. त्यांतली चुकीची विधानं उगाच डोक्यात राहतात. मग उतारा वाच. 'हाउएव्हर', 'बट' आलं की थांब : बरेचदा त्याआधी दुसऱ्यांचं मत असतं आणि लेखकाचं स्वतःचं पुढे सुरू होतं. निष्कर्ष विचारला असेल, तर 'ऑल', 'ओन्ली', 'नेव्हर' असलेला पर्याय दोनदा तपास. उताऱ्यात 'सम' असेल, तर 'ऑल' म्हणता येत नाही, मग ते वास्तवात खरं का असेना.

चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर उत्तर सोडू नकोस.

पुढचे पंधरा दिवस नवा मॉक (सराव परीक्षा) देऊ नकोस. दिलेल्या मॉकमधले चुकलेले प्रश्न काढ आणि प्रत्येकासमोर वहीत लिही : निवडलेला पर्याय मला का पटला? शिवाय रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्यातला दावा एका ओळीत उतरव. सरावाला २०२० पासूनचेच पेपर घे. उताऱ्यांवर आधारलेला सध्याचा साचा तेव्हापासूनचा आहे.