लॅब्राडोरची भूक भागत का नाही?

प्रश्न : आमचा लॅब्राडोर ताटली चाटूनपुसून साफ करतो आणि थोड्याच वेळात पुन्हा ओट्यापाशी येऊन बसतो. ही सवय समजायची की मेंदूतला काही बिघाड?

उत्तर : कृपा करून त्याला हावरट म्हणू नका. भूक पोटात जाणवत असली, तरी तिचा निवाडा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये होतो. तेथील काही चेतापेशी न्यूरोपेप्टाइड वाय आणि एजीआरपी ही रसायने सोडून प्राण्याला अन्नाकडे वळवतात, तर शेजारच्या पेशी पीओएमसी या प्रथिनापासून बनणाऱ्या संदेशवाहकांद्वारे ‘आता पुरे’ असे कळवतात. चरबीतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक पहिल्यांना आवरते आणि दुसऱ्यांना चेतवते. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये असे आढळले, की जवळपास एक चतुर्थांश लॅब्राडोरांच्या पीओएमसी बनवणाऱ्या जनुकातील लहानसा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे तृप्तीचा निरोप अर्धवट राहतो. पुढे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात न्याहारीनंतर तीन तासांनी भोके असलेल्या पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवले, म्हणजे ते दिसावे, त्याचा वास यावा, पण खाता येऊ नये; तेव्हा हा जनुकबदल असलेले कुत्रे ते मिळवण्यासाठी इतरांपेक्षा फार जास्त झटले. विशेष म्हणजे पोट भरेपर्यंत खायला दिल्यावर ते इतरांहून अधिक खात नव्हते. मधल्या वेळची भूकच तीव्र होती, शिवाय विश्रांतीत त्यांची ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी खर्च होत होती. तुमच्या कुत्र्यात हा बदल आहे की नाही, हे जनुक-चाचणीनेच ठरेल. तोवर दिवसाचे अन्न मोजून, लहान वाट्यांत विभागून द्या.